पाठमोरी

परीक्षा सुरू झाल्या आहेत. समोरच्या इमारतीतली मुलगी गॅलरीत फेऱ्या मारत मोठ्यानं पाठ करते, अडखळली की पहिल्यापासून सुरू करते. तिचा निम्मा इतिहास आता मलाही पाठ झाला आहे. यंदा पहिल्यांदाच माझ्या टेबलावर पेपरांचा गठ्ठा नाही. इतकी वर्षं एप्रिल म्हणजे सुपरव्हिजन, पुरवण्या, लाल पेन, आणि वर्गात फिरताना सँडलचा आवाज होऊ नये म्हणून जपून टाकलेली पावलं. निवृत्त झाल्यावर एप्रिल म्हणजे नुसतं ऊन उरलं.

त्या उन्हापासून पळून मी दुपारच्या सिनेमाला जाते. कॉलेज रोडवरून रिक्षा करायची, गार हॉलमध्ये कडेची खुर्ची घ्यायची. दुपारी एकट्या बाईकडे कोणी वळून बघत नाही. गेल्या आठवड्यात गेले तो भुताचा सिनेमा निघाला. एक जुना बंगला, एक लांब बोळ, बोळाच्या टोकाला पाठमोरी बसलेली एक बाई. कॅमेरा हळूहळू तिच्याकडे सरकत होता. पुढे काय होणार हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. ती वळणार. ती वळली, सगळे किंचाळले आणि लगेच हसले. मी डोळे मिटून घेतले होते. भीतीनं नाही. मला माझ्या एका विद्यार्थिनीची, मोनालीची, आत्या आठवली होती.

चार वर्षं झाली त्या एप्रिलला. तेव्हा मी शेवटच्या वर्षाला एक ऐच्छिक विषय शिकवत असे, 'भयकथा आणि सिनेमा'. ज्यांना गॉथिक म्हणतात त्या जुन्या इंग्रजी कथा आम्ही वाचायचो. ओसाड घरं, कुलूप लावलेल्या खोल्या, भिंतीआड दडवलेली पापं, आणि 'मी वेडा नाही' असं पहिल्याच वाक्यात बजावून सांगणारे लोक. मग आजचे सिनेमे बघायचे आणि त्यात त्या कथा कुठे कुठे मुरल्या आहेत ते शोधायचं. मी फळ्यावर मधोमध एक रेघ ओढायची. डावीकडे कथा, उजवीकडे सिनेमा. कथेतला निवेदक खोटं बोलतो, सिनेमात कॅमेरा खोटं बोलतो. कथेत एकच भीती मावते, म्हणून लेखक बाकीचं सगळं बाहेर ठेवून दार लावून घेतो. सिनेमानं ते दार लावणं उचललं. कथा शेवटच्या वाक्यात पायाखालची जमीन काढून घेते, सिनेमा तेच शेवटच्या चित्रात करतो. हे सगळं मी फार रंगून सांगत असे. त्या कथा मला शाळेपासून आवडायच्या. का आवडायच्या ते मुलांना सांगत नसे. त्या कथांमधल्या भुतांची मला कधी भीती वाटली नाही. त्या घरांमधून कोणीतरी फार दिवस एकटं राहत होतं, आणि ते कसं राहतं हे कोणीतरी नीट बघून लिहिलं होतं, एवढंच मला त्यात दिसायचं. आई गेल्यानंतर तर जास्तच.

मोनाली त्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. सटाण्याजवळच्या एका खेड्यातली, घरी कांद्याची शेती. नाशिकला मुलींच्या वसतिगृहात राहायची. बोलायची कमी. एकदा मी धुक्याबद्दल सांगत होते, त्या कथांमधलं धुकं, ओल, विझत आलेली शेकोटी. तिनं हात वर केला.

"मॅडम, या सगळ्या गोष्टींत एवढी थंडी का असते?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "कारण त्या थंड देशांत लिहिल्या गेल्या. का गं?"

"नाही, आमच्याकडं थंडीत भ्या नाही वाटत. थंडीत सगळे शेकोटीला एकत्र असतात. आमच्याकडं भीती दुपारची असते. उन्हाळ्यात. जेवणं झाली की सगळे झोपतात, रस्त्यावर कुत्रंबी नसतं. सगळं इतकं पांढरं दिसतं की घराच्या आत काहीच दिसत नाही."

मी खडू हातात धरून उभी राहिले. एवढी वर्षं फळ्यावर रेघ ओढत होते, आणि हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. घरी येऊन मी त्या दिवशी खिडकीचे पडदे उघडून बसले. दुपारचे अडीच. समोरच्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या बंद, गच्चीवर वाळत टाकलेली एक चादर, पंख्याचा आवाज. तिचं खरं होतं. ही वेळ मी रोज झोपून घालवत होते, ती उगाच नव्हे.

विषयासाठी मुलांनी एक छोटी फिल्म करायची होती, फोनवर केली तरी चालेल अशी. बहुतेकांनी पांढरी साडी, मोकळे केस आणि करकरणारं दार आणलं. मोनाली मार्चअखेर गावी जाऊन आली आणि मला स्टाफरूममध्ये गाठलं. तिनं फोन पुढे केला. नऊ मिनिटांची फिल्म होती. तीत एकच जागा, एकच बाई.

जागा म्हणजे त्यांची कांद्याची चाळ. पट्ट्यापट्ट्यांच्या भिंतींची लांबोळकी खोली असते, वारा खेळता राहावा म्हणून पट्ट्यांमध्ये फटी ठेवलेल्या. त्या फटींतून दुपारचं ऊन आत येतं आणि सगळ्या चाळीवर उभे पट्टे ओढतं. अर्धी चाळ नव्या कांद्यानं भरलेली. त्या ढिगासमोर एक बाई कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली होती आणि कांदे निवडत होती. चांगला एका बाजूला, लहान गोल्टी दुसऱ्या बाजूला, जोड कांदा तिसऱ्या टोपलीत. कांद्याच्या सुक्या सालींचा आवाज. तिचा श्वास. पट्टे हळूहळू तिच्या पाठीवरून सरकत होते. मधेच ती थांबायची, मान थोडी उचलायची, कोणाची चाहूल लागल्यासारखी. कोणी येत नसे. ती पुन्हा निवडायला लागायची. शेवटी ती टोपली उचलून चौकटीबाहेर गेली. ढीग आणि ऊन उरलं. संपलं.

"कोण आहे ही?" मी विचारलं.

"माझी आत्या. बेबीआत्या."

मग तिनं सांगितलं. आत्याचं लग्न देवळ्याकडच्या एका गावात झालं होतं. चार महिन्यांनी नवरा तिला माहेरी सोडून गेला. 'दोन दिवसांनी न्यायला येतो' म्हणाला. आलाच नाही. दुसरं लग्न केल्याचं नंतर कळलं. आत्या सुरुवातीला ओट्यावर बसून वाट बघायची. मग लोक विचारायला लागले, तशी आत बसायला लागली. मग मागच्या खोलीत. कोणी कोंडलं नव्हतं, कोणी वाईट वागवलं नव्हतं. ती आपली आपणच मागे मागे गेली. लग्नाला नाही, बाजाराला नाही. पाहुणे आले की दार लोटून घ्यायची. फक्त उन्हाळ्यात, गाव झोपलं की, ती चाळीत येऊन कांदा निवडायची. मोनालीच्या जन्माआधीपासून हे असंच चाललं होतं.

हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. पण मी मास्तरीण. मी म्हटलं, "छान आहे. पण शेवट कुठे आहे?"

"हाच शेवट आहे मॅडम."

"नाही गं. एवढा वेळ तू आम्हाला पाठ दाखवलीस. प्रेक्षक वाट बघतोय तिच्या चेहऱ्याची. तिनं एकदा वळायला हवं. कॅमेऱ्याकडे बघायला हवं. बघितलं की लगेच कट."

मोनाली फोनकडे बघत राहिली. "आत्या कोणाकडं बघत नाही, मॅडम."

"मग हाक मार. सहज वळेल."

मी हे किती सहज बोलले. आजही ते वाक्य मला स्वतःच्या आवाजात जसंच्या तसं ऐकू येतं. वर्गात मी दरवर्षी सांगायची की सिनेमानं जुन्या कथांचं दचकणं उचललं, पण त्यातलं एकटेपण मागे ठेवलं. पाठ झालेलं वाक्य होतं ते. आणि पहिल्यांदा कोणीतरी ते एकटेपण सबंध उचलून माझ्यासमोर आणून ठेवलं, तर मी त्यात दचकणं मागितलं.

मोनाली पुन्हा गावी गेली. परत आली तेव्हा शेवट बदललेला होता. मागून 'आत्या' अशी हाक येते, बाई झटकन वळते. विस्कटलेले केस, चेहऱ्यावर उन्हाचे पट्टे, भेदरलेले मोठे डोळे. त्यावर मोनालीच्या मैत्रिणीनं पातेलं पडल्याचा आवाज टाकला होता.

एप्रिलच्या मध्यावर विभागात सगळ्या फिल्म दाखवल्या. खिडक्यांना काळे कागद लावून खोलीत अंधार केला होता. मोनालीची फिल्म लागली तेव्हा मुलं आधी चुळबुळली, मग हळूहळू शांत झाली. शेवटी आत्या वळली आणि सगळी खोली किंचाळली. मग हशा, शिट्ट्या, टाळ्या. मीही टाळ्या वाजवल्या. मला अभिमान वाटत होता. मोनाली मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत हे माझ्या लक्षात आलं होतं, पण ती लाजाळू आहे असं मी मानलं.

कोणीतरी ते शेवटचे आठ-दहा सेकंद आपल्या फोनवर टिपून घेतले होते. त्यावर भयानक हसण्याचा आवाज चढवून ते पुढे पाठवलं. या फोनवरून त्या फोनवर जात ते नाशिकहून सटाण्याला आणि तिथून गावात पोचायला चार दिवस लागले. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'कांद्याच्या चाळीतलं भूत'.

मला यातल्या कशाचीच कल्पना नव्हती. परीक्षा सुरू झाल्या. माझी सुपरव्हिजन मोनालीच्याच वर्गात लागली. ती वेळेवर आली, पेपर लिहिला, पुरवणी मागितली नाही. घंटा झाल्यावर मी पेपर गोळा करून बाहेर आले तर ती जिन्यापाशी उभी होती.

"काय गं, अवघड गेला?"

"नाही मॅडम." मग म्हणाली, "आत्या आता चाळीतबी येत नाही. जेवणाचं ताट आत द्यावं लागतं. लोक चाळीच्या फटीतून बघायला येत होते."

तिनं मला ती चित्रफीत दाखवली. जिन्यातून मुलं खाली पळत होती, कोणीतरी कोणाला आठवा प्रश्न विचारत होतं. मी ते आठ सेकंद बघितले. खोलीतल्या अंधारात, टाळ्यांमध्ये, मला त्या डोळ्यांत भूत दिसलं होतं. जिन्यातल्या उजेडात दिसलं ते अगदी साधं होतं. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा कोणीतरी मागून हाक मारली होती, आणि क्षणभर तिला वाटलं होतं की कोणीतरी आलं.

"मोनाली, माझ्यामुळे झालं हे."

"नाही मॅडम. तुम्ही चुकीचं नाही सांगितलं. सिनेमात तसंच असतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

शेवटचा पेपर झाल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या गावी गेले. एसटीच्या खिडकीतून गरम वारा येत होता. देवळा मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांद्याचे ढीग दिसायला लागले. मी बॅगेत पेढे घेतले होते. मग मला वाटलं, पेढे कशाचे? आणि पूर्ण वाटभर ती पिशवी मी पायाशी लपवून ठेवली.

मोनालीची आई दारात उभी होती. तिनं पाणी दिलं, "बठा ना मॅडम" म्हणाली. कोणी मला काही बोललं नाही. वडील बाजार समितीत कांदा घेऊन गेले होते. मी विचारलं, "आत्या?" आईनं मागच्या खोलीकडे मान केली. "ती नही येत बाहेर."

मी त्या दाराशी जाऊन उभी राहिले. निळा रंग दिलेलं साधं दार होतं, कुलूप नाही, बाहेरून कडीही नाही. अशा दारांवर मी किती तास बोलले होते.

"मी मोनालीची मॅडम," मी शेवटी म्हटलं. "तुम्ही वळून बघता तो शेवट माझा होता. मोनालीचा नव्हता. तिनं केला होता तोच बरोबर होता. मी चुकले."

आतून काहीच आवाज आला नाही. मग मोनाली आणि तिची आई चाळीच्या दारातल्या सावलीत कांदा निवडायला बसल्या, तिथे मीही जाऊन बसले. दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. कांद्याच्या साली साडीला चिकटत होत्या, डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते कांद्याचंच आहे असं म्हणायची सोय होती. तास गेला असेल.

"जोड कांदा चांगल्यात टाकू नका."

आवाज चाळीकडे उघडणाऱ्या, मागच्या खोलीच्या खिडकीतून आला. मी हातातल्या कांद्याकडे पाहिलं. वरून एकच दिसत होता, पण मधे बारीक खाच होती.

"तो टिकत नही," आवाज म्हणाला. "मधून सडतो. बाजूच्यालेबी सडवतो."

मी तो काढून तिसऱ्या टोपलीत टाकला. पुढचा उचलला, उलटसुलट करून बघितला आणि पुन्हा चुकले. मग निळं दार उघडल्याचा आवाज झाला. मोनालीनं वर बघितलं नाही. तिच्या आईनंही नाही. मी त्यांचं बघून मान खाली ठेवली. आत्या येऊन माझ्यासमोर बसली, माझ्या बाजूचा चांगल्या कांद्यांचा ढीग तिनं आपल्याकडे ओढला आणि त्यातून भराभरा जोड कांदे बाहेर काढायला लागली. पंधरा-वीस निघाले.

थोड्या वेळानं ती मोनालीला म्हणाली, "दखाड ना मग. काय शे ते."

मोनालीनं फोन काढला. तिनं पहिली फिल्म लावली, वळण्याच्या आधीची, नऊ मिनिटांची. ती तिनं जपून ठेवली होती. आत्यानं ती सगळी बघितली, हातातला कांदा तसाच धरून. काहीतरी भयंकर दिसणार असं धरून बसलेल्या माणसाला दुसरंच काही दिसलं, तर तो असं बघत असेल. संपल्यावर ती म्हणाली, "ही मनी पाठ शे?"

"हो आत्या, तुझीच."

"इतली वाकी गयी?"

मोनाली रडायला लागली. आत्या रडली नाही. तिनं पदर वाकलेल्या पाठीवर नीट ओढून घेतला, एवढंच.

पुढचं सांगायचं तर, सगळं काही नीट झालं नाही. ती चित्रफीत कोणाकोणाच्या फोनमध्ये अजूनही असेल. मोनालीला तिच्या फिल्मसाठी मी दिलेले गुण मलाच आता लाजिरवाणे वाटतात, कारण ते मी दुसऱ्या शेवटाला दिले होते. पुढेही मी तो विषय शिकवत राहिले, पण फळ्यावर मधली रेघ ओढणं बंद केलं, आणि कोणाच्या फिल्मचा शेवट कुठे आहे असं विचारलं नाही. मोनाली आता पुण्याला एडिटिंग करते. भाद्रपदात तिचा फोन आला होता, त्याच वर्षीच्या. आत्या पुन्हा चाळीत यायला लागली होती. कांदा न्यायला आलेला एक पिकअपवाला तिला बघून 'भूतबाई' म्हणाला, तर तिनं टोपलीतला सडका कांदा उचलून त्याच्या छातीवर मारला. सांगताना मोनाली इतकी हसत होती की मला निम्मं ऐकू आलं नाही. एवढं झालं तरी आत्या ओट्यावर बसत नाही. बाजाराला जात नाही. पाहुणे आले की अजूनही दार लोटून घेते.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. फिल्म बघून झाल्यावर आम्ही पुन्हा निवडायला लागलो. मोनालीची आई चहाला उठली. आत्या मान खाली घालूनच बोलली.

"तुमच्या घरात माणसं किती?"

"मी एकटीच."

"मालक?"

"लग्न नाही केलं. आई होती, ती गेली."

ती थोडा वेळ निवडत राहिली. मग पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. डोळे मोठे नव्हते. बारीक, उन्हानं आक्रसलेले, चौकस डोळे होते.

"मग तुमाले कोणी भूत म्हणत नही?"

"आत्या!" मोनाली ओरडली.

"विचारू दे," मी म्हटलं. मी खरंच विचार केला. फ्लॅटचा बंद दरवाजा, सणाच्या दिवशी बाहेर शेजाऱ्यांची पावलं वाजली की मी टीव्हीचा आवाज कमी करते ते, आपण घरात आहोत हे कळू नये म्हणून. "शहरात कोणी कोणाच्या फटीतून बघत नाही," मी म्हटलं. "त्यामुळे अजून कोणाच्या लक्षात आलं नाही."

ती हसली. आवाज न करता, नुसते खांदे हलवत. मग तिनं एक रिकामी टोपली उलटी करून माझ्याकडे सरकवली, बसायला. मी इतका वेळ जमिनीवर बसले होते आणि माझे गुडघे दुखत होते, हे तिनं बघितलं होतं.

चहा आला. फाट्यावर चारच्या गाडीचा हॉर्न वाजला. "मॅडम, तुमची गाडी," मोनाली म्हणाली. मी कप खाली ठेवला, हातातला कांदा उन्हाकडे धरून त्याला खाच आहे का ते पाहिलं. गाडी निघून गेल्याचा आवाज ऐकला आणि पुढचा कांदा उचलला.